जुन्या इलेक्ट्रिक गिटारच्या फ्रेटची टोचणारी टोकं घरी कशी घासायची

जुनी इलेक्ट्रिक गिटार बऱ्याचदा स्वस्तात मिळून जाते. आवाज चांगला असतो, पिकअप चालू असतात, पण नेकवरून, म्हणजे गिटारच्या लांब मानेवरून, हात खालीवर सरकवला की तर्जनीच्या कडेला ओरखडे उठतात. फ्रेटची, म्हणजे नेकवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं लाकडाच्या बाहेर आलेली असतात. दुकानात दाखवली तर ‘सगळे फ्रेट बदलून घ्या’ असं उत्तर मिळण्याची शक्यता बरीच असते. बहुतेक गिटारींना त्याची गरज नसते. बरी कानस, टेप, पॉलिश पेपर आणि सुट्टीचा एक निवांत दिवस, एवढ्यात काम भागतं.

मी हे काम आधी स्वतःच्या गिटारवर केलं आणि मग मित्रांच्या गिटारी येत गेल्या. माझी गिटार नव्वदच्या दशकातली, कोरियात बनलेली, फेंडरच्या स्ट्रॅटच्या (स्ट्रॅटोकास्टरच्या) घाटाची आहे. मेपलचा नेक, त्यावर रोजवूडचा फ्रेटबोर्ड (फ्रेट बसवलेली लाकडी पट्टी), कडेला बाइंडिंग, म्हणजे प्लॅस्टिकची किनार, नाही. खालच्या पायऱ्या याच प्रकारच्या गिटारीला धरून आहेत. लॅकर मारलेला मेपलचा फ्रेटबोर्ड आणि बाइंडिंगवाले नेक यांचं गणित वेगळं आहे. ते शेवटी सांगितलंय, पण तुमची गिटार तशी असेल तर तो भाग आधी वाचा.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात ठेवा. या कामात नुकसान होतं ते जास्त घासल्याने. कमी घासलं गेलं तर उद्या पुन्हा घासता येतं.

टोकं बाहेर येतात कशी

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. ओलावा सुटला की ते आक्रसतं, आणि तेही रुंदीला. लांबीत जवळजवळ फरक पडत नाही. फ्रेट धातूचा, तो होता तेवढाच राहतो. नटपाशी, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीपाशी, फ्रेटबोर्ड साधारण ४२-४३ मिलिमीटर रुंद असतो आणि शेवटच्या फ्रेटपाशी ५६ च्या आसपास. वरच्या फ्रेटांकडे आक्रसायला लाकूडच जास्त, म्हणून तिथली टोकं जास्त बाहेर येतात. सगळा फरक मिळून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा, तोही दोन्ही कडांना वाटून. डोळ्याला दिसेलच असं नाही, पण मिलिमीटरचा दहावा भागसुद्धा बोटाला लगेच कळतो.

मिरजेच्या सतारीला हा त्रास नाही, कारण तिचे पडदे दांडीवर दोऱ्याने बांधलेले असतात आणि सरकवता येतात. गिटारचा फ्रेट लाकडात खाच पाडून ठोकून बसवलेला असतो. वर दिसतो तो गोलसर माथा, आणि त्याच्याखाली सुमारे ०.६ मिलिमीटरच्या खाचेत रुतलेली एक पातळ पट्टी. लाकूड आत गेलं की माथा आणि ही पट्टी, दोन्ही बाहेर डोकावतात. नवशिका माणूस माथा घासून थांबतो आणि मग म्हणतो, अजून टोचतंय. टोचत असते ती खालची पट्टी.

आपल्याकडे ऋतू बदलतात तसा हा त्रासही बदलतो. मुंबई किंवा कोकणात पावसाळ्यात हवेची आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते. तीच गिटार पुण्यात किंवा नागपुरात आणली, तर मार्च-एप्रिलच्या दुपारी आर्द्रता वीसेक टक्क्यांपर्यंत उतरलेली असते. दिवसरात्र एसी चालणारी खोलीही लाकूड सुकवते. आणि गिटार घेऊन अमेरिकेत किंवा कॅनडात गेलेल्या आपल्या लोकांना पहिल्याच हिवाळ्यात, घरातलं हीटिंग सुरू झालं की, हा अनुभव येतो.

१. आधी कानस बाजूला ठेवा

गिटार नुकतीच दुसऱ्या गावाहून आली असेल तर निदान दोन आठवडे ती जिथे राहणार आहे त्या खोलीत राहू द्या. छोटा डिजिटल हायग्रोमीटर फार महाग नसतो, तो केसमध्ये ठेवा. ४५ ते ५५ टक्के आर्द्रता गिटारला मानवते. आकडा तिशीच्या खाली असेल तर भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंजचा तुकडा घाला, डबी केसमध्ये हेडस्टॉकपाशी (नेकच्या टोकाला, जिथे तारांच्या खुंट्या असतात) ठेवा आणि केस बंद करा. स्पंजातून पाणी गळता कामा नये, एवढीच काळजी.

नव्या गिटारींची टोकं कधीकधी एवढ्यानेच आत जातात. पंचवीस-तीस वर्षांच्या गिटारीचं लाकूड बहुधा कायमचं आक्रसलेलं असतं, त्यामुळे थोडा फरक पडेल, पूर्ण नाही. तरीही थांबायचं, कारण किती घासायचं ते त्यानंतरच कळतं.

आणि काम शक्यतो कोरड्या दिवसांत करा. उन्हाळ्यात टोकं कडेशी समतल केली तर पावसाळ्यात लाकूड फुगून ती केसभर आत जातील, त्याने काही बिघडत नाही. जुलैत समतल केलीत तर एप्रिलमध्ये पुन्हा बाहेर येतील.

२. नेमकं काय टोचतंय ते शोधा

‘टोकं टोचतात’ या एका तक्रारीमागे तीन वेगळी दुखणी असू शकतात.

पहिलं म्हणजे टोकं खरोखर कडेच्या बाहेर आली आहेत. नेकच्या बाजूवर नख उभं धरून नटपासून बॉडीकडे सरकवा. नख प्रत्येक फ्रेटला अडखळलं तर हेच.

दुसरं, टोक कडेशी समतल आहे, पण त्याचे कोपरे धारदार राहिलेत. स्वस्त गिटारींवर कारखान्यातच हे काम घाईत उरकलेलं असतं. नख अडखळत नाही, पण बोटाच्या कडेला ओरखडा उठतो. अशा गिटारीला सहावी पायरी लागणारच नाही, थेट सातवीवर जायचं.

तिसरं सगळ्यात फसवं. फ्रेटचं टोक खाचेतून वर उचललं गेलेलं असतं. हे घासून जात नाही. टोकावर अंगठ्याने दाबून बघा. फ्रेट किंचित खाली बसला किंवा बारीक ‘टिक’ ऐकू आलं तर तो सैल आहे. टोकाखालून पातळ कागद आत जातो का तेही बघा.

नेमकी जागा शोधायला कापसाचा बोळा उत्तम. दोन्ही कडांवरून हलक्या हाताने फिरवा. जिथे तंतू अडकून राहतात तिथे टेपचा छोटा तुकडा लावून खूण करा. सगळीच टोकं वाईट नसतात, आणि जी चांगली आहेत त्यांना हात लावायचं कारण नाही.

याच वेळी तारांखाली फ्रेटवर खोलगट खाचा पडल्यात का बघून घ्या. खोल असतील तर आधी सगळ्या फ्रेटची पातळी करून माथे पुन्हा गोल करावे लागतात, आणि ते काम जाणकाराचं. टोकांचं काम त्यानंतर. उलट क्रमाने केलंत तर टोकांवर दोनदा मेहनत पडते.

३. सामान

- बारीक दाताची सपाट कानस, सहा ते आठ इंच. सरळ आहे ना हे दुकानातच काचेवर ठेवून बघा.
- नीडल फाइलचा छोटा संच. त्यातली तिकोनी आणि सपाट, एवढ्याच लागतील.
- मास्किंग टेप, अर्धा आणि एक इंची.
- पॉलिश पेपर, म्हणजे काळा वॉटर पेपर: ४००, ६००, १०००, २०००.
- काळा मार्कर पेन.
- जाड पुठ्ठा, जुना टॉवेल, मऊ ब्रश, कापूस.
- पातळ सुपरग्लू आणि क्लॅम्प (शिकंजा), फक्त सैल फ्रेट असतील तर.
- नव्या तारा, आणि तुमच्या गिटारीला बसणाऱ्या ॲलन की.
- धुळीचा मास्क.

मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि झवेरी बाजाराचा परिसर, पुण्यात रविवार पेठ, अशा ठिकाणी सराफी अवजारांच्या दुकानांत नीडल फाइल चांगल्या मिळतात. सोनारकामाची कानस गिटारच्या फ्रेटला अगदी योग्य, कारण फ्रेटचा धातू फार कडक नसतो. भांड्यांच्या दुकानात जर्मन सिल्व्हर म्हणून विकतात त्याच जातीचा तो मिश्रधातू: तांबं, निकेल आणि जस्त. चांदी त्यात औषधालाही नसते. मागच्या मालकाने स्टेनलेस स्टीलचे फ्रेट बसवून घेतले असतील तर मात्र साधी कानस नुसती घसरते. तिथे डायमंड फाइल लागते आणि वेळही दुप्पट जातो.

नीडल फाइलमध्ये विकत घेतल्यावर एक सुधारणा करावी लागते. तिकोनी कानशीच्या तिन्ही धारा दगडावर किंवा २०० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासून बोथट करा, इतक्या की धारेवर दात उरताच कामा नयेत. पृष्ठभागाचे दात तसेच ठेवायचे. असं केलं की फ्रेटचा कोपरा घासताना कानशीची धार लाकडावर टेकली तरी लाकूड कापलं जात नाही. ऑनलाइन मिळणारी फ्रेट-एंड फाइल म्हणजे हेच, तयार करून विकलेलं. परवडत असेल तर जरूर घ्या, पण तिच्यावाचून काम अडत नाही.

स्टीलवूल मुद्दाम यादीत घेतलेलं नाही. त्याचे लोखंडी तंतू पिकअपच्या चुंबकांना जाऊन चिकटतात आणि नंतर निघता निघत नाहीत.

४. तारा काढा, झाकायचं ते झाका

तारा एकदम कापू नका, सहाही थोड्या थोड्या सैल करत उतरवा. स्ट्रॅटसारखा हलता ब्रिज असेल तर तारा काढण्याआधी मागची झाकणपट्टी उघडून ब्रिजच्या ठोकळ्याच्या नेककडच्या बाजूला लाकडाचा तुकडा किंवा घडी घातलेलं कापड अडकवा. नाहीतर ताण जाताच मागच्या स्प्रिंगा ब्रिज ओढून घेतात आणि पुन्हा जुळवत बसावं लागतं. ट्रस रॉडला, म्हणजे नेकच्या आतल्या धातूच्या सळीला, हात लावू नका. तारा नसताना नेक किंचित मागे झुकतो, ते स्वाभाविक आहे. तारा चढवल्या की तो पूर्ववत येतो.

नेक स्क्रूने बसवलेला असेल तर माझं मत स्पष्ट आहे: काढा. बॉडीच्या शिंगांमुळे सोळा-सतराव्या फ्रेटच्या पुढे कानस सपाट बसतच नाही, आणि पिकअपही आपोआप दूर जातात. काढताना नेकच्या खोबणीत कागदाची किंवा पुठ्ठ्याची पातळ पट्टी सापडली तर कचरा समजून टाकू नका. नेकचा कोन जमवायला ती मुद्दाम ठेवलेली असते, तशीच, त्याच जागी परत जायला हवी.

नेक चिकटवलेला असेल तर बॉडीवर आणि पिकअपवर पुठ्ठा ठेवून कडेने टेप मारा.

आता नेक टॉवेलच्या घडीवर ठेवा, हलणार नाही असा. फ्रेटबोर्डवर दोन फ्रेटांमधल्या प्रत्येक पट्टीत टेप लावा, आणि नेकच्या दोन्ही बाजूंना लांब पट्टी, फ्रेटच्या टोकांच्या अगदी खाली. रंगाच्या दुकानातला टेप कधीकधी फार चिकट असतो आणि काढताना जुनं फिनिश सोबत घेऊन येतो. लावण्याआधी तो जीन्सवर एकदा चिकटवून काढला की त्याचा जोर कमी होतो.

नट चिकटलेला असला तरी जुना डिंक कोरडा पडलेला असतो, त्याला धक्का लागू देऊ नका. नटची टोकंही बाहेर आलेली असू शकतात. ती ४०० च्या पेपरने हलकेच घासून टाकता येतात.

५. सैल फ्रेट आधी बसवा

दुसऱ्या पायरीत एखादा सैल फ्रेट सापडला असेल तरच ही पायरी. आजूबाजूच्या लाकडावर टेप हवाच. खाचेच्या तोंडाशी पातळ सुपरग्लूचा एक थेंब, टूथपिकच्या टोकाने. तो आपोआप आत ओढला जातो. लगेच फ्रेटवर लाकडाचा सपाट तुकडा ठेवून क्लॅम्पने दाबा आणि तासभर तसंच राहू द्या. क्लॅम्पच्या दुसऱ्या जबड्याखाली, नेकच्या पाठीशी, कापड ठेवा.

सांडलेला ग्लू पुसायला नेलपॉलिश रिमूव्हर घ्यायचा मोह होतो. त्यात ॲसिटोन असतं आणि ते लॅकर आणि प्लॅस्टिकचं बाइंडिंग दोन्ही विरघळवतं. ग्लू सुकू द्या आणि ब्लेडने अलगद खरवडा.

तीन-चारपेक्षा जास्त फ्रेट सैल असतील तर थांबा आणि गिटार जाणकाराकडे न्या.

६. बाहेर आलेली टोकं कडेशी आणा

सगळ्या टोकांना मार्करने काळं करा, माथ्याच्या टोकाला आणि खालच्या पट्टीलाही. सपाट कानस नेकच्या बाजूवर पूर्ण टेकवा, अशी की ती एका वेळी तीन-चार टोकांवर बसेल. एका टोकावर एकटी कानस चालवली की ती डुगडुगते आणि लाकडात खड्डा पडतो. कानशीच्या शेपटाला, जिथे मूठ बसते तिथे, टेप गुंडाळा. बहुतेक ओरखडे त्या टोकाचे असतात.

आता नेकच्या लांबीच्या दिशेने, एकाच दिशेत, हलक्या हाताने ढकला. परत आणताना कानस उचला. सुरुवातीला प्रत्येक टोकावर ती अडखळत जाईल आणि टकटक आवाज येईल. आवाज हळूहळू एकसारख्या सुईई अशा घासण्यात बदलतो. तो बदलला की थांबायची वेळ जवळ आली. मग दर दोन-तीन फेऱ्यांनंतर बोट फिरवा आणि बाजूच्या टेपकडे बघा. टेपवर ओरखडे दिसू लागले तर धातू संपला, आता तुम्ही लाकूड घासताय.

कानस खालून वर कधीच चालवू नका. तसं केलं तर फ्रेटचं टोक उचकटून खाचेतून वर येतं, आणि मग पाचव्या पायरीवर परत.

जुन्या गिटारींवर टोकांना आधीच आतल्या बाजूला उतार दिलेला असतो, उभ्या रेषेपासून साधारण ३० ते ३५ अंशांचा. तो उतार नव्याने करायचा नाही. यूट्यूबवर लाकडी ठोकळ्यात तिरकी बसवलेली कानस घेऊन सगळा उतार पुन्हा कापताना दिसतात, ते नव्याने फ्रेट बसवल्यानंतरचं काम आहे. जुन्या गिटारीवर ते केलंत तर वाजवायला उरलेला माथा अरुंद होतो आणि पहिली, म्हणजे सगळ्यात बारीक, तार कडेवरून घसरू लागते. समतल केल्यावर उताराच्या तळाशी एक बारीक नवी धार तयार होते, तेवढी उतरवायला त्याच उतारावर सपाट नीडल फाइलच्या दोन-तीन हलक्या फेऱ्या पुरे.

७. कोपरे

खरा फरक इथे पडतो आणि खरा वेळही इथेच जातो. २२ फ्रेट, प्रत्येकाला दोन टोकं, प्रत्येक टोकाला दोन कोपरे: एकूण ८८. कंटाळा येणार हे धरून चला. अर्धे आज, अर्धे उद्या केले तरी चालतं. थकलेल्या हाताने शेवटची दहा टोकं बिघडवण्यापेक्षा ते बरं.

प्रकाश बाजूने येऊ द्या, टेबललॅम्प नेकच्या पातळीवर ठेवा. सगळी टोकं पुन्हा मार्करने काळी करा.

बोथट धारेची तिकोनी कानस घ्या. एक धार फ्रेटशेजारच्या टेपवर टेकवा आणि पृष्ठभाग फ्रेटच्या कोपऱ्याला लावा. फ्रेटच्या वरून सुरू करून खाली, लाकडाकडे, कोपऱ्याभोवती वळवत आणा. मनगट वळलं पाहिजे. सरळ रेषेत ढकललं तर कोपरा गोल होत नाही, त्याच्या जागी दोन छोटे कोपरे तयार होतात. तीन-चार हलक्या फेऱ्या झाल्या की दुसऱ्या बाजूचा कोपरा, आणि मग वरून एक फेरी, माथा आणि उतार जिथे मिळतात त्या कडेवर.

काळा रंग कुठे गेला ते बघत चला. कोपऱ्यावरचा गेला आणि माथ्यावरचा तसाच आहे, तर बरोबर चाललंय. माथ्यावरचाही जाऊ लागला तर कानस फार आत येतेय. कोपरा गोल व्हायला दोन-तीन दशांश मिलिमीटर धातू जायला हवा, त्याहून जास्त नाही. फ्रेटची टोकं अर्धगोल, मण्यासारखी केलेली महागड्या गिटारींवर दिसतात. सुंदर दिसतं, पण जुन्या, झिजलेल्या फ्रेटवर तितका धातू शिल्लकच नसतो. तो हट्ट सोडा.

सगळ्यात जास्त सुटतो तो खालचा भाग, माथ्याची खालची कड आणि लाकूड यांच्यामधला. तिथे घासल्याची बारीक बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, राहते. दिसत नाही, पण कापूस लगेच अडकतो. सपाट नीडल फाइल जवळजवळ आडवी धरून एकदाच अलगद फिरवली की ती सुटते.

पाच-सहा फ्रेट झाले की डोळे मिटून हात फिरवून बघा. वाजवताना सगळ्यात जास्त लागतात ती पहिल्या तारेकडची टोकं, कारण तर्जनीचं मूळ त्यांच्यावरूनच सरकत असतं. तिकडे जास्त वेळ द्या. सहाव्या तारेकडे अंगठा नेकवरून वर आणून वाजवणाऱ्यांनी तीही नीट करावीत. बाकीच्यांना तिथे थोडं उन्नीस-बीस चालतं.

८. पेपर

कानशीचे ओरखडे काढायला ४०० चा पेपर लहान तुकड्यात दुमडून बोटाच्या टोकावर घ्या आणि टोकाभोवती फिरवा. मग ६००, १०००, २०००. प्रत्येक नंबर आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय बदलायचा नाही. लाकडी पट्टीवर पेपर गुंडाळू नका, इथे बोटाचा मऊपणाच उपयोगी पडतो.

शेवटी सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात नखं चमकवायचा चार बाजूंचा ठोकळा मिळतो, तो फ्रेटच्या टोकांना आणि माथ्यांना झकास चकाकी देतो. भांडी घासायची हिरवी जाळी वापरायचं मनात येईल, पण ती ४०० पेक्षाही खरखरीत ओरखडे पाडू शकते.

९. सफाई, तेल, तारा

टेप काढताना फ्रेटबोर्डच्या कडेकडून आत, कमी कोनात ओढा. भुसा फुंकून उडवू नका. ब्रशने गोळा करा, नाहीतर तो पिकअपवर आणि तुमच्या डोळ्यांत जातो. फ्रेटबोर्डासाठी वापरतात ते इंडियन रोजवूड म्हणजे सह्याद्रीतला शिसवच. त्याची बारीक भुकटी नाकाघशाला झोंबते, म्हणून मास्क शेवटपर्यंत ठेवा.

रोजवूड किंवा एबनीचा फ्रेटबोर्ड कोरडा, पांढुरका दिसत असेल तर तेलाचे चार थेंब फडक्यावर घेऊन चोळा आणि दहा मिनिटांनी सगळं पुसून घ्या. गिटारच्या दुकानातलं लेमन ऑइल चालतं. औषधांच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिनही चालतं, ते खनिज तेलच आहे. खोबरेल, तीळ, मोहरी, घरातलं कुठलंच खाण्याचं तेल नको. काही महिन्यांनी ते चिकट होतं आणि वास मारू लागतं.

नेक परत बसवताना स्क्रू आधी उलट्या दिशेने, अगदी हलक्या हाताने फिरवा. ‘टक’ करून तो जुन्या आट्यात बसल्याचं जाणवेल, मगच आवळायला लागा. थेट आवळलं तर लाकडात नवे आटे पडतात आणि जुनं भोक सैल होतं. चारही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा.

बाइंडिंगवाले नेक

फ्रेटबोर्डच्या कडेला पांढरी किंवा पिवळसर प्लॅस्टिकची पट्टी असेल तर काम नाजूक होतं. साध्या बाइंडिंगवर फ्रेटचा माथा प्लॅस्टिकवर टेकलेला असतो आणि फ्रेटची खाचेतली पट्टी आतच थांबते. तिथे सहावी आणि सातवी पायरी तशीच, फक्त कानस अर्ध्या जोराने, कारण प्लॅस्टिक लाकडापेक्षा झटकन झिजतं.

जुन्या गिब्सन लेस पॉलसारख्या गिटारींवर मात्र बाइंडिंगच फ्रेटच्या टोकापर्यंत वर चढवलेलं असतं, प्रत्येक फ्रेटपाशी प्लॅस्टिकचा एक छोटा उंचवटा. लाकूड आक्रसलं की फ्रेट आणि हा उंचवटा यांच्यामध्ये फट पडते आणि पहिली तार तिच्यात अडकते. उंचवटे घासून काढले की ते कायमचे गेले, आणि गिटारची किंमतही त्यांच्याबरोबर गेली. ही फट जाणकार लोक त्याच प्लॅस्टिकचा लगदा करून किंवा सुपरग्लूने भरतात. हे घरी करू नका असंच मी सांगेन.

लॅकरवाला मेपल फ्रेटबोर्ड

मेपलच्या फ्रेटबोर्डवर बऱ्याचदा फ्रेटसकट लॅकर मारलेलं असतं. टोकांपाशी टोचतंय ते कधी धातू नसतंच, खालच्या पट्टीने आतून ढकलून तडकवलेलं लॅकर असतं. कानस मारली की त्याचे पापुद्रे निघतात. इथे कानशीपेक्षा ६०० चा पेपर, तोही फक्त टोकावर. तडकलेल्या जागी पातळ सुपरग्लूचा सूक्ष्म थेंब, आणि सुकल्यावर २००० ने घासून चमक. लॅकरवर तेल लावायचं नाही, काही उपयोग नाही.

या गिटारींना हात लावू नका

फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने १९६५ च्या जानेवारीत विकत घेतली. त्याआधीची अस्सल फेंडर, किंवा १९८२ नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली जपानी स्क्वायर (फेंडरचाच दुसरा ब्रँड), अशी एखादी घरात किंवा मामांच्या माळ्यावर सापडली असेल, तर आधी तिचे फोटो काढून जाणकाराला दाखवा. सत्तरच्या दशकातल्या आणि त्याआधीच्या फेंडरमध्ये फ्रेट वरून ठोकलेले नसत, कडेने आत सरकवलेले असत. ते वरून उपटले तर फ्रेटबोर्डच्या कपच्या उडतात. टोकांची हलकी घासाई अशा गिटारीला मारक नाही, पण ‘सगळे फ्रेट बदलून टाकू’ असं म्हणणाऱ्या माणसाच्या हातात ती देण्याआधी त्याला हे माहीत आहे का, एवढं विचारा.

शेवटची तपासणी

पहिली आणि सहावी तार आधी चढवा, बाकीच्या नंतर. पहिली तार प्रत्येक फ्रेटवर दाबून बाहेरच्या बाजूला, खाली, किंचित ओढा. तार फ्रेटबोर्डच्या कडेपासून साधारण अडीच-तीन मिलिमीटर आत असते, तेवढं अंतर असेल तर ती सहसा घसरत नाही. वरच्या फ्रेटांवर घसरत असेल तर घाबरून लगेच फ्रेटला दोष देऊ नका. स्क्रूवाल्या नेकमध्ये तो खोबणीत किंचित तिरका बसलेला असू शकतो. स्क्रू अर्धा फेरा सैल करून, हेडस्टॉक धरून नेक अगदी थोडा बाजूला ढकला आणि पुन्हा आवळा, दोन्ही कडांचं अंतर सारखं होतं. नेक सरळ असूनही नटकडच्या पहिल्या दोन-तीन फ्रेटांवरच घसरत असेल तर नटमधली पहिल्या तारेची खाच कडेच्या फार जवळ पाडलेली आहे. नवा नट करून घ्या आणि पहिली तार अर्धा मिलिमीटर आत घ्यायला सांगा.